↑ म्हणजे नक्की काय?

लिफ्टबाहेर उभ्या असलेल्या माणसांकडे जरा लक्ष द्या. पाचव्या मजल्यावरून खाली जायचंय, लिफ्ट तळमजल्यावर आहे, आणि कुणीतरी ↑ दाबतं. त्या माणसाचा हिशेब सरळ असतो: लिफ्ट खाली आहे, तिला वर बोलवायचंय. लिफ्टचा हिशेब वेगळा. आपण कुठे आहोत हे तिला ठाऊकच असतं. बटणावरून तिला फक्त तुम्हाला कुठे जायचंय ते समजून घ्यायचं असतं. मग होतं असं की वरून खाली निघालेली लिफ्ट पाचव्यावर न थांबता सरळ निघून जाते आणि वर जाणारी मात्र दार उघडून समोर उभी राहते. शेवटी वैतागून माणूस दोन्ही बटणं दाबतो, आणि लिफ्ट दोनदा थांबते.

बाणाची दिशा दोघांनाही कळली होती. तो कुणाबद्दल बोलतोय, एवढंच दोघांनी वेगवेगळं धरलं. ↑ या चिन्हाची सगळी ताकद आणि सगळा घोळ इथेच आहे. ते कर्त्याशिवायचं क्रियापद आहे. ‘वर’ एवढंच सांगून गप्प बसतं. काय वर, कशापेक्षा वर, आणि वर म्हणजे आकाशाकडे, पुढे की जास्त, हे आपण आजूबाजूची अक्षरं, आकडे आणि बाण लावलेली जागा बघून ठरवतो. बहुतेक वेळा इतक्या पटकन, की आपण काही ठरवलं हे लक्षातही येत नाही.

रिपोर्टमधला बाण

सगळ्यात जास्त घाबरवणारा ↑ रक्ततपासणीच्या रिपोर्टमध्ये असतो, म्हणून त्याच्यापाशी थोडं थांबू. समजा, ट्रायग्लिसराइड्सच्या (रक्तातल्या एका प्रकारच्या चरबीच्या) रकान्यात ‘१६२ ↑’ असं छापलंय आणि शेजारी मर्यादा दिलीय: १५० पेक्षा कमी. घरातले लगेच म्हणतात, ‘वाढलंय.’ पण सहा महिन्यांपूर्वीचा रिपोर्ट काढून बघितला तर तिथे २१० होते. म्हणजे आकडा चांगला अठ्ठेचाळीसने उतरलाय आणि बाण मात्र वरच बघतोय. यात प्रयोगशाळेची काही चूक नाही. तिथला बाण मागच्या वेळेशी तुलना करतच नाही. छापलेल्या मर्यादेशी करतो. ‘मर्यादेच्या वर’ आणि ‘पूर्वीपेक्षा वर’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चिन्ह दोन्हीला एकच.

ती मर्यादा तरी कुठून येते? ट्रायग्लिसराइड्ससारख्या काही चाचण्यांची हद्द आजाराचा धोका पाहून ठरवतात. पण पुष्कळ चाचण्यांमध्ये निरोगी माणसांच्या मोठ्या गटाचे आकडे घेऊन मधले ९५ टक्के ‘सामान्य’ मानले जातात आणि दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के बाहेर राहतात. म्हणजे ठणठणीत माणसालाही अशा एका चाचणीत ↑ किंवा ↓ मिळण्याची शक्यता वीसात एक. आता एकाच वेळी अशा वीस चाचण्या केल्या, आणि त्या एकमेकींशी निगडित नाहीत असं धरलं, तर निदान एक तरी बाण दिसण्याची शक्यता साधारण ६४ टक्के येते. पूर्ण तपासणीच्या पॅकेजमध्ये एखादाही बाण नसणं हेच खरं तर कमी वेळा घडावं. याचा अर्थ बाणाकडे दुर्लक्ष करायचं असा नाही. किती वर, आधी किती होतं आणि शेजारच्या चाचण्या काय म्हणतात, हे तिन्ही एकत्र ठेवून डॉक्टर वाचतात. एकटा बाण वाचत नाहीत.

दवाखान्यातल्या हाताने लिहिलेल्या कागदांवर तर हे चिन्ह वापरूच नये असा सल्ला औषधसुरक्षेवर काम करणारे लोक देतात. घाईत काढलेला ↑ कधी ४ किंवा ७ या इंग्रजी आकड्यासारखा दिसतो, कधी ‘टी’ या अक्षरासारखा. आणि समजा नीट काढलेला असला, तरी ‘इन्सुलिन ↑’ म्हणजे काय समजायचं? इन्सुलिनची पातळी वाढलेली आढळली, की मात्रा वाढवा? एक निरीक्षण आहे, दुसरा आदेश. इतक्या महत्त्वाच्या जागी ‘वाढवा’ हे तीन अक्षरांचं काम बाणावर सोपवू नये, हे मला तरी पटतं.

आकड्यांच्या शेजारी

बातम्या, सादरीकरणं, शेअर बाजाराचे फलक, सगळीकडे आकड्यापुढे ↑ किंवा भरीव त्रिकोण ▲ असतो. इथे कर्ता बहुधा स्पष्ट असतो, पण ‘कशापेक्षा’ हे सोडून दिलेलं असतं. कालपेक्षा, मागच्या तिमाहीपेक्षा की गेल्या वर्षीच्या याच महिन्यापेक्षा? आणि टक्के आले की आणखी एक फाटा फुटतो. ‘व्याजदर ↑ २%’ हे वाचून आठाचे दहा टक्के झाले असंही समजता येतं, आणि आठ टक्क्यांच्या दोन टक्के म्हणजे ८.१६ झाले असंही. दोन्ही वाचनं व्याकरणात बसतात. त्यामुळे ‘८ वरून १०’ असं लिहिणं केव्हाही बरं, जागा फार जात नाही.

रंगावर भिस्त ठेवू नका. बऱ्याच देशांत वाढ हिरवी आणि घट लाल दाखवतात, पण चीन, जपान आणि दक्षिण कोरियाच्या बाजारात वाढ लाल रंगात असते. तिथला लालभडक फलक बघून बाजार कोसळला असं समजणारा पाहुणा बाणांकडे बघेल तर वाचेल.

संगणकशास्त्रातल्या शोधनिबंधांत एक तिसराच वापर रूढ झालाय. तक्त्याच्या शीर्षकात ‘अचूकता ↑’ आणि ‘त्रुटी ↓’ असं लिहितात. इथे काही वाढलेलं किंवा घटलेलं नसतं. या रकान्यात आकडा जितका मोठा तितका चांगला, त्या रकान्यात जितका लहान तितका चांगला, एवढी ती वाचकासाठी सूचना असते. नवख्या माणसाला हे कुणी सांगितलं नाही तर तो सगळा तक्ता उलटा वाचतो.

आणि स्प्रेडशीटमध्ये रकान्याच्या डोक्यावर जो छोटा ↑ दिसतो तो क्रमवारीचा. त्याचा अर्थ चढता क्रम, म्हणजे सगळ्यात लहान आकडा सगळ्यात वर. ‘वर’चा बाण पाहून सर्वात मोठा वर असेल असं वाटतं आणि निघतं उलट. यावर माझ्याकडे काही तोडगा नाही; एकदा दाबून बघावं.

भिंतीवरचं ‘वर’

कागद टेबलावर आडवा ठेवलेला असतो तेव्हा त्यावरचा ↑ खरं तर आपल्यापासून लांब, समोर बघत असतो. तरी आपण त्याला वर म्हणतो. फलकावर याच्या उलट घडतं. रस्त्याकडेच्या उभ्या फलकावरचा ↑ अक्षरशः आकाशाकडे असतो आणि आपण त्याचा अर्थ ‘सरळ पुढे जा’ असा घेतो. मोकळ्या रस्त्यावर अडचण येत नाही, कारण गाडी आकाशात जाणार नसते. अडचण येते ती इमारतीत, रेल्वेस्थानकात, विमानतळावर, जिथे समोर बोळही असतो आणि जिनाही. ‘फलाट ४ ↑’ म्हणजे सरळ चालत राहा की जिना चढा? फलक लावणाऱ्याला ते माहीत असतं, कारण तो तिथे रोज असतो. म्हणूनच चांगल्या मार्गफलकांवर जिन्याचं किंवा सरकत्या जिन्याचं चित्र बाणाशेजारी काढलेलं असतं. कर्ता पुरवलेला असतो.

खोक्यांवर छापलेले दोन समांतर बाण आणि खाली आडवी रेघ हे मात्र अगदी स्वच्छ उदाहरण. ‘ही बाजू वर’ असं सांगणारं हे चिन्ह आयएसओ ७८० या आंतरराष्ट्रीय प्रमाणकात आहे. इथे वर म्हणजे खरंच वर, गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध. गंमत अशी की हा बाण खोक्यालाच चिकटलेला असतो, त्यामुळे खोकं उलटं ठेवलं की बाणही खाली बघतो, आणि तो खाली बघतोय हाच त्याचा संदेश असतो. भाषा येत नसलेल्या हमालालाही हे कळतं.

पडद्यावर पुन्हा गोंधळ. कीबोर्डवरची ↑ कळ दाबली की लांबलचक मजकूर खाली सरकतो, कारण वर जाते ती आपली नजर, किंवा मजकुरावरून फिरणारी खिडकी म्हणा. टचस्क्रीनवर बोट वर नेलं की मजकूर वर जातो, म्हणजे नजर खाली. दोन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त कर्ता बदललाय. २०११ साली ॲपलने मॅकवरची जुनी दिशा उलटवून फोनसारखी केली तेव्हा अनेकांनी पहिल्याच दिवशी सेटिंगमध्ये जाऊन ती परत पूर्वीसारखी करून घेतली. काळी खिडकी उघडून आज्ञा टाइप करणाऱ्यांसाठी त्याच ↑ कळेचा अर्थ ‘आधीची आज्ञा पुन्हा दाखव’. तिथे वर म्हणजे भूतकाळ.

शाळेतला बाण

रसायनशास्त्राच्या समीकरणात शेवटी येणारा ↑ बहुतेकांनी पाहिलेला असतो. जस्त आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांच्या अभिक्रियेतून झिंक क्लोराइड आणि हायड्रोजन मिळतो. हायड्रोजनपुढे ↑, कारण तो वायू होऊन द्रावणातून निसटतो. साका तळाशी बसला तर ↓. अभिक्रियेत आधीपासूनच सगळे वायू असतील तर हा बाण देत नाहीत, हे मात्र परीक्षेच्या घाईत राहून जातं. भौतिकशास्त्रात ↑ आणि ↓ या इलेक्ट्रॉनच्या स्पिनच्या दोन अवस्था. नायट्रोजनच्या टू-पी कक्षकांत, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या जागांत, तीन चौकटी आणि प्रत्येकीत एकेक ↑. ऑक्सिजनमध्ये एक इलेक्ट्रॉन वाढला की पहिल्या चौकटीत ↑↓ अशी जोडी जमते. तिथला इलेक्ट्रॉन खरोखर वर बघत नसतो. दोन शक्यतांना दोन वेगळी चिन्हं हवी होती, एवढंच.

बुद्धिबळाच्या विश्लेषणात ↑ म्हणजे पुढाकार त्या खेळाडूकडे आहे. तर्कशास्त्रात तेच चिन्ह ‘दोन्ही एकाच वेळी खरं नाही’ या जोडणीसाठी वापरतात. संभाषणाचा अभ्यास करणारे लोक बोलण्याची नोंद करताना आवाज एकदम चढला की तिथे ↑ घालतात. ही यादी बरीच लांबवता येईल, पण यापुढची गोष्ट जास्त रंगतदार आहे.

घातांकाचा बाण आणि त्याचा वारस

गणितात घातांक आकड्याच्या डोक्यावर, लहान अक्षरात लिहितात. दूरवरून आलेला मजकूर छापणाऱ्या जुन्या टेलिटाइप यंत्रांना एका ओळीत एकाच मापाची अक्षरं ठोकता यायची, वर चढवून लहान लिहिणं जमायचं नाही. मग ‘वर चढव’ असं सांगणारं चिन्हच मध्ये घालायचं ठरलं. अल्गोल ६० या संगणकभाषेत घात ↑ ने दाखवत. १९६४ मध्ये डार्टमथ कॉलेजात बेसिक ही भाषा आली तिच्यातही २↑३ म्हणजे दोनचा तिसरा घात, आठ.

हे जमलं कारण संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या आस्की या संकेतावलीच्या १९६३ च्या पहिल्या आवृत्तीत ↑ ला स्वतःची जागा होती. १९६७ च्या सुधारित आवृत्तीत ती जागा ^ या टोपीसारख्या चिन्हाला मिळाली, कारण फ्रेंचसारख्या भाषांतल्या स्वरांवर टोपी चढवायला ते लागत होतं. डावीकडे बघणाऱ्या बाणाचीही तीच गत झाली; त्याच्या जागी अधोरेघ आली. म्हणून आज स्प्रेडशीटमध्ये घातासाठी आपण ^ टाइप करतो: ज्या घरात पूर्वी ↑ राहायचा, त्याच घरात नंतर आलेलं ते चिन्ह. काही यंत्रांनी मात्र बाण सोडला नाही. १९८२ च्या कमोडोर ६४ च्या कीबोर्डवर ↑ ची स्वतंत्र कळ होती.

इथे एक इशारा. सी, जावा, पायथन अशा भाषांत ^ म्हणजे घात नाही. तिथे तो दोन संख्यांचे बिट, म्हणजे द्विमान पद्धतीतले अंक, एकेक करून ताडून बघतो आणि जिथे ते वेगळे असतील तिथे एक ठेवतो. द्विमान पद्धतीत दोन म्हणजे १०, तीन म्हणजे ११. फरक फक्त शेवटच्या बिटात. म्हणून तिथे २^३ चं उत्तर आठ येत नाही, एक येतं. प्रोग्रॅम चुकीचा आहे असं संगणक सांगतही नाही.

आता खरा पराक्रम. १९७६ मध्ये संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनुथ यांनी हाच बाण एकाहून जास्त वेळा लिहायची पद्धत मांडली. विचार साधा आहे. गुणाकार म्हणजे तीच बेरीज पुन्हा पुन्हा. घात म्हणजे तोच गुणाकार पुन्हा पुन्हा. मग घात पुन्हा पुन्हा घेतला तर? त्यासाठी दोन बाण: ↑↑. आणि ते पुन्हा पुन्हा केलं तर तीन.

हातानेच करून बघू. ३↑३ म्हणजे ३ × ३ × ३, सत्तावीस. ३↑↑३ म्हणजे तीन तिनांचा मनोरा: ३↑(३↑३). मोजायला नेहमी उजवीकडून, म्हणजे मनोऱ्याच्या शेंड्यापासून सुरुवात करायची. आधी कंस, सत्तावीस, मग ३↑२७. डावीकडून केलं असतं तर सत्तावीसचा घन, १९,६८३ आला असता आणि गणित चुकलं असतं. बरोबर उत्तर आहे ७६,२५,५९,७४,८४,९८७. साडेसात लाख कोटींच्या वर. एक बाण वाढवला आणि सत्तावीसवरून इथे आलो.

आणखी एक वाढवू. ३↑↑↑३ म्हणजे ३↑↑(३↑↑३), म्हणजेच तिनांचा मनोरा, आणि त्यात तीन किती? वर आलेली ती साडेसात लाख कोटींची संख्या, तितके. मनोऱ्यातला प्रत्येक ३ एक सेंटिमीटर उंच काढला तर मनोरा सुमारे ७.६ कोटी किलोमीटर उंच होईल. पृथ्वीपासून सूर्यापर्यंतच्या अंतराच्या साधारण निम्मा. आणि ही फक्त लिहिलेल्या मनोऱ्याची उंची झाली, उत्तराची नव्हे. उत्तराचे अंक लिहून काढायचा प्रश्नच येत नाही.

हे खूळ वाटेल, पण अशा संख्या खऱ्या प्रमेयांत येतात. गणितज्ञ रोनाल्ड ग्रॅहम यांच्या नावाची संख्या एका भूमितीच्या कोड्याची वरची मर्यादा म्हणून पुढे आली आणि १९८० मध्ये तिची गिनेस बुकात नोंद झाली. तिची सुरुवातच ३↑↑↑↑३ ने होते. ही पहिली पायरी. दुसऱ्या पायरीला दोन तिनांच्या मध्ये जितके बाण, त्यांची संख्या म्हणजे पहिल्या पायरीचं उत्तर. तिसऱ्या पायरीत बाण दुसरीच्या उत्तराइतके. असं चौसष्ट पायऱ्यांपर्यंत. एवढ्या प्रचंड संख्येचा शेवटचा अंक मात्र आपल्याला नक्की माहीत आहे: सात. तिनाचे घात ३, ९, ७, १ याच चार अंकांवर फिरत राहतात, त्यामुळे शेपटीकडून तिला पकडता येतं.

सारखे दिसणारे आणि टाइप करणं

युनिकोड या, जगातल्या सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीत ↑ चा क्रमांक २१९१ आहे; हा षोडशमान पद्धतीतला, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजलेला, दशमान पद्धतीत ८५९३. त्याच्याभोवती दिसायला भाऊबंद बरेच: दुहेरी ⇑, पोकळ ⇧ (मॅकवर शिफ्टची खूण हीच), पायाशी रेघ असलेला ⇪ (कॅप्स लॉकची खूण), जाड ⬆. संगणकाच्या लेखी ही सगळी वेगळी अक्षरं. पानावर ↑ शोधाल तर ⬆ सापडेलच असं नाही.

↑ ↓ ← → हे चार साधे बाण इमोजीत मोडत नाहीत, पण ↗ सारखे तिरके बाण आणि ↕ मोडतात. म्हणून फोनवर तिरका बाण टाकला की तो कधी कधी निळ्या चौकोनात जाऊन बसतो आणि शेजारचा सरळ बाण अक्षरासारखाच राहतो. एका ओळीत दोन्ही असतील तर ओळ विचित्र दिसते. सरळ बाण निळ्या चौकोनातच हवा असेल तर ⬆ घ्यावा.

टाइप करायचं तर विंडोजवर ऑल्ट धरून उजवीकडच्या आकड्यांच्या कळांवर २४. वर्डमध्ये २१९१ लिहून लगेच ऑल्ट आणि एक्स. लॅपटॉपला आकड्यांच्या वेगळ्या कळा नसतील तर विंडोजची कळ आणि पूर्णविराम दाबून उघडणाऱ्या पट्टीत चिन्हांचा विभाग असतो. मॅकवर कंट्रोल, कमांड आणि स्पेस. अँड्रॉइडवरच्या गुगल कीबोर्डमध्ये चिन्हांच्या दुसऱ्या पानावरचं ^ दाबून धरलं की बाण वर येतात. हे क्रमांक इंग्रजी अंकांतच टाका, देवनागरी अंक तिथे चालत नाहीत.

जुन्या विंगडिंग्ज फॉन्टमधून काढलेला बाण मात्र टाळा. तो आतून बाण नसतोच. वेगळंच रोमन अक्षर असतं, फॉन्टने बाणाचं सोंग चढवलेलं. ईमेल दुसऱ्या ठिकाणी उघडली की सोंग गळून पडतं आणि वाक्याच्या मध्येच डोक्यावर तिरकी रेघ असलेला एखादा स्वर उभा दिसतो. युनिकोडपूर्वीच्या मराठी फॉन्टांत लिहिलेल्या फायली ज्यांनी उघडून पाहिल्यात त्यांना हे वेगळं सांगायला नको.

साध्या एसएमएसमध्ये रोमन लिपीतल्या मजकुरात एकच ↑ घातला तरी संदेशाची मर्यादा १६० अक्षरांवरून ७० वर येते, कारण एसएमएसच्या मूळ अक्षरसंचात हा बाण नाही. मराठी एसएमएस आधीच ७० च्या मर्यादेत असतो, त्यामुळे आपलं त्यात काही जात नाही. पडद्यावरचा मजकूर ऐकून वाचणाऱ्यांचं मात्र जातं. वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर ↑ भेटला की सेटिंगप्रमाणे ‘अप ॲरो’ असं म्हणतं, नाहीतर काहीच न बोलता पुढे सरकतं. मग ‘भाडं ↑ जुलैपासून’ या सूचनेतून ऐकणाऱ्याला फक्त ‘भाडं जुलैपासून’ एवढंच मिळतं.